इंग्रजी वाक्याची घडण आणि बारा काळांचा हिशेब

इंग्रजी शिकू लागलेल्या बहुतेकांच्या वहीत पहिल्या काही पानांवरच बारा काळांचा तक्ता असतो. वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन रकाने, साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण अशा चार ओळी, आणि प्रत्येक चौकटीत एक सूत्र व एक नमुन्याचे वाक्य. हा तक्ता चुकीचा नाही. मात्र तो मुखोद्गत असूनही बोलताना अडखळायला होते, कारण कोणत्या चौकटीत क्रियापदाचे रूप कसे होते एवढेच तो सांगतो. मनातली गोष्ट कोणत्या चौकटीत बसवायची, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी दोन गोष्टी मुळापासून पाहाव्या लागतात: इंग्रजी वाक्यात शब्दाचे काम कशावरून ठरते, आणि इंग्रजी क्रियापद काळाखेरीज आणखी काय सांगत असते.

आधी वाक्य पाहू, कारण वाक्याचा सांगाडा हाती आला नाही, तर काळांची रूपे कुठे ठेवायची हाच प्रश्न पडतो. मराठीत नाम वाक्यात कोणते काम करते, हे त्याला लागलेल्या प्रत्ययावरून कळते. 'कुत्र्याने मांजराला पाहिले' हे वाक्य 'मांजराला कुत्र्याने पाहिले' असे फिरवले, तरी पाहणारा कोण याबद्दल शंका राहत नाही. फक्त जोर बदलतो. इंग्रजीत ही मोकळीक नाही. 'द डॉग सॉ द कॅट' या वाक्यात पाहणारा कुत्रा आहे, आणि 'द कॅट सॉ द डॉग' म्हणताच पाहणारे मांजर होते. दोन्ही नामांवर कसलीही खूण नसल्यामुळे क्रियापदाच्या आधी बसलेला शब्द कर्ता आणि नंतर आलेला शब्द कर्म, असा निवाडा केवळ जागेवरून होतो.

इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत असत आणि शब्दांचा क्रमही आजच्यापेक्षा बराच सैल होता. शब्दांच्या शेवटच्या अक्षरांचा उच्चार हळूहळू क्षीण होत गेला, इंग्लंडमध्ये वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांशी आणि 1066 नंतर नॉर्मन फ्रेंच बोलणाऱ्या राज्यकर्त्यांशी भाषेचा संपर्क आला, आणि पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजून गेले. ते करीत असलेले काम मग शब्दांच्या क्रमाने उचलले. जुन्या व्यवस्थेचे अवशेष सर्वनामांत अजून दिसतात: कर्ता असताना 'ही', 'शी', 'दे' आणि कर्म असताना 'हिम', 'हर', 'देम'.

मराठी क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजी क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येते. 'मी उद्या सकाळी तुझ्या भावाला ग्रंथालयात भेटेन' हे वाक्य इंग्रजीत 'आय विल मीट युअर ब्रदर ॲट द लायब्ररी टुमॉरो मॉर्निंग' असे होते. आधी कर्ता, लगेच क्रियापद, त्यानंतर कर्म, मग स्थळ आणि शेवटी वेळ, हा क्रम बहुतेक साध्या वाक्यांत चालतो. मराठीत नामाच्या मागे लागणारे 'वर', 'मध्ये', 'कडे' यांचे काम करणारे शब्द इंग्रजीत नामाच्या आधी येतात: 'टेबलावर' म्हणायचे तर 'ऑन द टेबल'. म्हणूनच मराठी वाक्य मनात पूर्ण जुळवून मग शब्दाशब्दाने उलटवण्याची सवय पुढे जाचक ठरते. त्यापेक्षा 'कोण' आणि 'काय करतो' एवढे दोन शब्द आधी उच्चारावेत आणि बाकीचे त्यामागे जोडत जावे. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, पण इंग्रजी वाक्य याच क्रमाने उलगडते.

इंग्रजी विधानाला कर्ता लागतोच. 'येतो', 'उशीर झाला', 'उकडतंय' अशी वाक्ये मराठीत कर्त्यावाचून पूर्ण होतात, कारण क्रियापदाचे रूपच पुष्कळ सांगून जाते. इंग्रजीत उशीर झाल्याचे सांगताना कोणी करणारा नसला, तरी त्या जागी 'इट' बसवावा लागतो: 'इट इज लेट', 'इट इज हॉट'. 'काही अडचणी आहेत' यासाठी 'देअर आर सम प्रॉब्लेम्स' म्हणतात, तेव्हा 'देअर' हा शब्द 'तिथे' असा अर्थ सांगत नाही. तो कर्त्याची मोकळी जागा भरतो.

याच ठिकाणी मराठी माणसाची एक खास अडचण असते, आणि ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच समजावली जाते. 'मला भीती वाटते', 'मला हे चित्र आवडते', 'मला दोन भाऊ आहेत' अशा वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती 'ला' प्रत्यय घेऊन येते. इंग्रजीत मात्र तीच व्यक्ती कर्ता होते: 'आय ॲम अफ्रेड', 'आय लाइक धिस पिक्चर', 'आय हॅव टू ब्रदर्स'. दुसरा फरक भूतकाळातला आहे. 'त्याने निबंध लिहिला, त्याने चिठ्ठी लिहिली, त्याने पत्र लिहिले' या तिन्ही वाक्यांत लिहिणारा एकच असूनही क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजी क्रियापद कर्माकडे कधीच पाहत नाही. ते कर्त्याकडे पाहते, आणि तेही फार थोड्या वेळा: साध्या वर्तमानकाळात 'ही', 'शी', 'इट' किंवा कोणतेही एकवचनी नाम कर्ता असताना 'स' किंवा 'झ' असा उच्चार शेवटी जोडला जातो, 'बी' या क्रियापदाची रूपे बदलतात, 'हॅव'चे 'हॅज' होते. भूतकाळात तर 'वॉज' आणि 'वर' सोडल्यास 'रोट' हे एकच रूप सर्वांना चालते. लिंगानुसार तर कुठलाच फरक होत नाही. मराठीच्या मानाने हे फार सोपे आहे, आणि बहुधा म्हणूनच 'शी वर्क्स' मधला तो शेवटचा एवढासा उच्चार सर्वाधिक वेळा सुटतो.

क्रियापदानंतर काय यावे, हे त्या त्या क्रियापदावर अवलंबून असते. 'स्लीप'ला कर्म लागत नाही, 'बाय'ला लागते, 'गिव्ह'ला दोन चालतात: 'शी गेव्ह हिम अ बुक'. 'बिकम'नंतर कर्म येत नसून कर्त्याचेच वर्णन करणारे पूरक येते. म्हणून नवे क्रियापद त्याच्या अर्थासकट एका छोट्या वाक्यात लिहून ठेवावे. 'विषयी चर्चा करणे' हा मराठी प्रयोग मनात असतो म्हणून 'डिस्कस अबाउट' असे तोंडात येते. पण 'डिस्कस' थेट कर्म घेते आणि मध्ये 'अबाउट' नको असतो.

आता क्रियापदाकडे वळू. 'शी हॅज बीन रायटिंग' हा तीन शब्दांचा क्रियापद-समूह घेऊ आणि तो डावीकडून उजवीकडे सावकाश उलगडू. 'हॅज' हे 'हॅव'चे वर्तमानकाळी, तृतीयपुरुषी एकवचनी रूप आहे. म्हणजे काळ आणि कर्त्याशी मेळ ही दोन्ही कामे त्याने एकट्याने केली. साहाय्यक 'हॅव'नंतर येणाऱ्या क्रियापदाला आपले तिसरे रूप घ्यावे लागते, म्हणून 'बी'चे 'बीन' झाले. चालू क्रिया दाखवणाऱ्या 'बी'नंतर येणाऱ्या क्रियापदाला 'इंग' लागते, म्हणून 'राइट'चे 'रायटिंग' झाले. प्रत्येक साहाय्यक क्रियापद आपल्या लगेच पुढच्या शब्दाचे रूप ठरवते आणि त्यापलीकडे ढवळाढवळ करीत नाही. सगळ्यात आधी 'विल', 'कॅन', 'मस्ट' यांसारखा शब्द आला, तर त्याच्या पुढचा शब्द मूळ रूपात राहतो: 'शी विल हॅव बीन रायटिंग'. ही क्रमवारी पक्की आहे. प्रथम 'विल'सारखा शब्द, मग 'हॅव', मग 'बी', मग मुख्य क्रियापद. हव्या नसलेल्या कड्या गाळाव्यात, पण उरलेल्यांचा क्रम उलटवू नये. कर्मणी प्रयोगासाठी आणखी एक 'बी' मुख्य क्रियापदाच्या लगेच आधी येतो आणि त्याच्या पुढे तिसरे रूप लागते: 'द रिपोर्ट विल हॅव बीन सेंट'.

या साखळीतील पहिल्या कडीला विशेष मान आहे. काळ ती दाखवते, 'नॉट' तिच्या लगेच मागे बसतो, आणि प्रश्न विचारायचा झाला तर ती कर्त्याच्या पुढे जाते: 'शी इज कमिंग', 'शी इज नॉट कमिंग', 'इज शी कमिंग?'. मग 'शी नोज' या वाक्यात साहाय्यक क्रियापदच नाही, तिथे काय करायचे? तिथे इंग्रजी 'डू' मदतीला आणते, आणि काळाचा व मेळाचा सगळा भार त्याच्यावर टाकते: 'डझ शी नो?', 'शी डझ नॉट नो'. भार 'डझ'वर गेला म्हणून 'नो' मूळ रूपात मोकळे झाले. 'डिड नॉट वेंट' हे चूक का आहे, याचे उत्तर इथे मिळते. भूतकाळ 'डिड'ने दाखवून झालेला आहे, तो 'वेंट'ने पुन्हा दाखवायचा नसतो. प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला, की शब्द पुन्हा विधानाच्या क्रमाला येतात. 'व्हेअर इज ही?' असे विचारतात, पण 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज' असे सांगतात.

आता बारा काळ. काटेकोरपणे पाहिले तर इंग्रजी क्रियापदाला काळाची दोनच रूपे आहेत, 'राइट' आणि 'रोट'. भविष्यकाळासाठी वेगळे रूप नसून ते काम 'विल'सारख्या शब्दांकडून करून घेतले जाते. तरी शिकण्याच्या सोयीसाठी काळ तीन धरू. प्रत्येक काळात बोलणारा आणखी दोन गोष्टी ठरवतो: क्रिया चालू असलेली दाखवायची की नाही, आणि ती एखाद्या क्षणाच्या आधीची, पण त्या क्षणाशी संबंध असलेली म्हणून दाखवायची की नाही. चालू दाखवायची असेल तर 'बी' आणि 'इंग', आधीची दाखवायची असेल तर 'हॅव' आणि तिसरे रूप, दोन्ही हवे असेल तर दोन्ही, काहीच नको असेल तर साधे रूप. तीन गुणिले दोन गुणिले दोन बरोबर बारा. तक्त्यातील सगळ्या चौकटी एवढ्या तीन निवडींतून तयार होतात, म्हणून तक्त्याऐवजी या तीन निवडीच लक्षात ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

साधा वर्तमानकाळ या नावाने फसगत होते, कारण आत्ता या क्षणी काय चालले आहे हे सांगण्यासाठी तो सहसा वापरत नाहीत. तो सवय, कायम असलेली स्थिती आणि सर्वकाळ खरे असलेले विधान सांगतो: 'आय वॉक टू वर्क', 'द अर्थ मूव्ह्ज अराउंड द सन'. आत्ता चाललेल्या क्रियेसाठी 'आय ॲम वॉकिंग' हवे. मराठीत 'मी जातो' हे रोजच्या जाण्यालाही चालते आणि निरोप घेतानाही चालते. इंग्रजीत निरोप घेताना 'आय गो नाऊ' म्हटले तर ते कानाला खटकते, तिथे 'आय ॲम गोइंग' किंवा 'आय ॲम लीव्हिंग' लागते. उलट बाजूने, 'नो', 'बिलीव्ह', 'ओन', 'बिलाँग' ही क्रियापदे कृती दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात, आणि स्थिती चालू-बंद होत नसल्यामुळे त्यांना 'इंग' लावत नाहीत. 'आय ॲम नॉट नोइंग' आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही दोन्ही वाक्ये यामुळे चुकतात.

सर्वांत जास्त वेळ द्यावा असा काळ म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ. त्याच्या नावातला 'वर्तमान' हा शब्द गंभीरपणे घ्यावा. 'आय हॅव लॉस्ट माय कीज' म्हणणारा माणूस आत्ताची परिस्थिती सांगत असतो: किल्ल्या त्याच्याजवळ नाहीत. 'आय लॉस्ट माय कीज' म्हणणारा एक घडून गेलेली गोष्ट सांगतो. त्या पुढे सापडल्याही असतील. संवादात हा फरक फार स्पष्ट दिसतो. एक जण विचारतो, 'हॅव यू सीन हिम?' आजवर केव्हातरी, एवढाच त्याचा रोख असतो. दुसरा उत्तर देतो, 'यस, आय सॉ हिम ॲट द गेट'. प्रश्नात 'हॅव' होता, उत्तरात तो गेला, कारण उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विशिष्ट जागा आणि विशिष्ट क्षण आला. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2015' यांसारखा संपून गेलेला काळ सांगणारा शब्द आला, की साधा भूतकाळच वापरायचा. मराठीत 'मी ते पुस्तक मागच्या वर्षी वाचले आहे' असे म्हणायला हरकत नसते, म्हणून आपल्याकडून ही चूक हमखास होते. अमेरिकन बोलीत 'जस्ट', 'येट', 'ऑलरेडी' यांच्या सोबतही साधा भूतकाळ सर्रास ऐकू येतो. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत तिथे पूर्ण वर्तमानकाळ अधिक अपेक्षित असतो. 'ही हॅज गॉन टू लंडन' आणि 'ही हॅज बीन टू लंडन' यांतला फरकही ध्यानात ठेवावा: पहिला माणूस अजून परतलेला नाही, दुसरा जाऊन आला आहे.

याच काळाचा दुसरा उपयोग म्हणजे पूर्वी सुरू होऊन अजून टिकलेली गोष्ट सांगणे. 'मी इथे पाच वर्षांपासून राहतो' या मराठी वाक्यातले क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असे सहज म्हटले जाते. इंग्रजीला मागे गेलेला धागा दिसायला हवा, म्हणून 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. काळाची लांबी सांगताना 'फॉर', सुरुवातीचा बिंदू सांगताना 'सिन्स'. मराठीत दोन्ही ठिकाणी 'पासून' चालत असल्यामुळे ही जोडी मुद्दाम घोटावी लागते.

पूर्ण भूतकाळाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, कारण तो आपण गरजेपेक्षा जास्त वापरतो. 'मी काल डॉक्टरकडे गेलो होतो' हे स्वाभाविक मराठी आहे. 'होतो' लावल्याने जाऊन परत आल्याचा अर्थ त्यात येतो. त्याचेच 'आय हॅड गॉन टू द डॉक्टर यस्टरडे' केले, की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो, कारण इंग्रजीत 'हॅड' हे भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडलेल्या गोष्टीसाठी राखलेले आहे. तशी दुसरी घटना नसेल, तर 'आय वेंट' पुरेसे आहे. स्थानकावरचा एकच प्रसंग तीन प्रकारे सांगून पाहावा. 'व्हेन वी रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे गाडी आधीच गेली होती, फलाट रिकामा होता. 'द ट्रेन वॉज लीव्हिंग' म्हणजे गाडी हलू लागली होती, धावलो असतो तर कदाचित मिळालीही असती. 'द ट्रेन लेफ्ट' म्हणजे आम्ही पोहोचलो आणि त्यानंतर गाडी सुटली. काळ तिन्ही वाक्यांत भूतच आहे. बदलला तो पाहण्याचा कोन.

भविष्याबद्दल थोडक्यात सांगता येते. बोलताना केलेला निश्चय किंवा अंदाज 'विल'ने, आधीपासून मनात असलेला बेत 'गोइंग टू'ने, इतरांशी ठरवून ठेवलेली भेट चालू वर्तमानकाळाने, आणि वेळापत्रकातली गोष्ट साध्या वर्तमानकाळाने सांगतात: 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स'. 'इफ' आणि 'व्हेन' यांच्या उपवाक्यात भविष्याचा अर्थ असला, तरी सामान्यतः 'विल' येत नाही: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. मराठीत तर तिथे चक्क भूतकाळी रूप येते: 'तो आला की सांगेन'. चालू-पूर्ण भविष्यकाळाची वाक्ये प्रत्यक्ष बोलण्यात इतकी थोडी येतात, की पहिल्या वर्षी त्यांवर वेळ घालवू नये.

क्रियापदाचे रूप आणि घड्याळातली वेळ यांची अशी फारकत 'इफ'च्या कल्पित वाक्यांत सर्वाधिक होते. 'इफ आय हॅड टाइम, आय वुड हेल्प यू' यातला 'हॅड' आजच्याबद्दल बोलतो. भूतकाळाचे रूप केवळ वस्तुस्थिती तशी नाही, हे सुचवते. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल तसेच कल्पून बोलायचे झाल्यास रूप आणखी एक पाऊल मागे जाते: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'. मराठीत 'मला माहीत असते, तर मी आलो असतो' असे म्हणताना दोन्ही भागांत 'असणे'चीच रूपे येतात, आणि त्याच धर्तीवर 'इफ आय वुड हॅव नोन' असे दोन्हीकडे 'वुड' घातले जाते. प्रमाण लेखी इंग्रजीत 'वुड' फक्त परिणाम सांगणाऱ्या भागात येतो. अट सांगणाऱ्या भागात 'हॅड' एकट्यानेच ते काम करतो.